किसनभाऊ आणि माझा शेवगा

आमच्या सौंसरच्या गल्लीत कुठलंही झाड कमरेच्या वर गेलं, की किसनभाऊ कोयता घेऊन हजर. विचारणं वगैरे भानगड नाही. माझी जास्वंद गेली, शेजारणीचा कढीपत्ता गेला. ओरडलो तर उलट मलाच शिकवतात, "बुडातून कापा लागते, गुरुजी. साखर बुडात असते."

"जास्वंदीत कुठली आलीय साखर?"

"आदत पडून गेली न जी!"

बरं, कापलेलं उचलावं? नाव नको! फांद्या रस्त्यात टाकून हा माणूस तंबाखू मळत बसतो. "मी कापतो. मोळी बांधनं माहं काम नोहे."

ते काम त्यांच्या बायकोचं, शेवंताबाईंचं. दरवर्षी दिवाळी झाली की दोघं सीमेपलीकडे महाराष्ट्रात ऊसतोडीला जायची. तिथे एक कोयता म्हणजे एक जोडपं. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधणार. एकट्याला मुकादम विचारतही नाही. मग तिकडे तोडणीचं यंत्र आलं आणि इकडे मुकादमाचा फोन बंद झाला. किसनभाऊ संत्र्याच्या बागेत रोजीने जाऊ लागले, शेवंताबाई नागपूरला एका खानावळीत पोळ्या लाटायला गेल्या.

"कसं आहे हो ते यंत्र?" मी एकदा विचारलं.

"एकटंच तोडते, एकटंच भरते. त्याले जोडी लागतच नाही," ते म्हणाले आणि माझ्या परसातल्या शेवग्याकडे टक लावून बघू लागले. मी घाईघाईने चहा मागवला. त्या शेवग्यावर माझा फार जीव.

गेल्या शनिवारी शेवंताबाई जवळच्या जामसांवलीला देवदर्शनाला आल्या, तशा घरीही डोकावल्या. संध्याकाळच्या बसने परत जाणार होत्या. मी शाळेतून उशिरा येऊन बघतो, तर माझं मेंदीचं अख्खं कुंपण आडवं! डोकंच फिरलं. तरातरा पुढे गेलो, तर किसनभाऊ शेवटचं झुडूप तोडत होते आणि मागे शेवंताबाई पदर खोचून मोळ्या बांधत होत्या.

"याइच्या पायी बस चुकली न माही," त्या कुरकुरल्या. हात मात्र थांबले नाहीत.

कापायला काही उरलं नाही. किसनभाऊ कोयता धरून नुसते उभे राहिले. मोळ्याही बांधून होत आल्या होत्या आणि सकाळीही बस होतीच. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"किसनभाऊ," मी म्हणालो, "मागचा शेवगा फार वाढलाय. उद्या दोघं मिळून बघा तेवढा."