पाटीच्या आड येणारा पूल

एखादी जागा बघण्यासारखी आहे हे माणसाला नुसतं बघून कळत नाही. शेजारी पाटी लागते. पाटी नसलेला डोंगर हा नुसता डोंगर असतो, आणि पाटी नसलेली विहीर तर सरळसरळ धोका असते. हे तत्त्व पर्यटन खात्याने फार पूर्वीच मान्य केलेलं आहे. (पर्यटकांनी ते अजून केलेलं नाही, आणि तिथेच घोडं अडतं.)

सदर खात्यात एक कंत्राटी लेखक होता. त्याला सगळे पाटीवाला म्हणत. त्याची आईही म्हणे, पण फक्त रागावली की. शहराबाहेरच्या ओढ्यावर एक जुना दगडी पूल होता आणि त्या पुलाची माहिती देणारी पाटी लिहिण्याचं काम पाटीवाल्याच्या गळ्यात पडलं. पाटी परिणामकारक ठरली तर त्याला नोकरीत कायम करणार होते, नाही ठरली तर घरी बसवणार होते. घरी बसून करणार काय, या धास्तीने त्याने कंबर कसली.

पाटीचं शास्त्र असतं. ती गुडघ्याच्या वर आणि हनुवटीच्या खाली असावी. वाचणाऱ्याकडे किंचित कललेली असावी. चष्मा घरी विसरलेल्या माणसालाही दिसेल इतकं अक्षर ठसठशीत असावं. शिवाय मजकुरात माणसाचा ओलावा हवा. कोरड्या माहितीपुढे कोणी थांबत नाही, असं खात्याच्या साहेबांचं मत होतं. (साहेब स्वतः कुठल्याच माहितीपुढे थांबत नसत.) एखादं जिवंत वाक्य टाका, असं त्यांनी सांगितल्यावर पाटीवाल्याने बराच वेळ डोकं खाजवलं आणि शेवटी घरातलंच उचललं. त्याची आई रोज दुपारी जेवणं आटोपली की हातात पिशवी घेऊन पुलावरून पलीकडे जाई, आपल्या धाकट्या बहिणीकडे. दोघी मिळून भाजी निवडत, आपापल्या सुनांची उणीदुणी काढत आणि दिवेलागणीच्या आत आई घरी परते. म्हातारीच्या जिवाला तेवढाच विरंगुळा होता. पाटीवाल्याने लिहिलं: ‘पूर्वी स्त्रिया या पुलावरून आपल्या बहिणींना भेटायला जात असत.’ त्यातलं ‘पूर्वी’ त्याने साहेबांना गहिवर यावा म्हणून घातलं होतं, आणि तो लगेच आला.

पाटी लागली. हिरव्यावर पांढरी अक्षरं, वर छोटंसं छप्पर, बघत राहावी अशी पाटी. पण पहिल्याच मोजणीत खात्याच्या पाटी समितीचं तोंड कडू झालं. शंभरातले चार पर्यटक पाटी वाचत होते. (त्यांतले दोघे सावलीला थांबले होते, असं पुढे निष्पन्न झालं.) बाकीचे गाडीतून उतरले की थेट पुलावर जात, कठड्याला टेकत आणि पाण्याकडे बघत उभे राहत. समितीने कसून चौकशी केली. पाटीत खोट नव्हती. पर्यटकांचं लक्ष दुसऱ्याच एका गोष्टीकडे वेधलं जात होतं आणि ती गोष्ट म्हणजे पूल.

सबब पाटीसमोर बाकं टाकण्यात आली. बाकं अशी की बसलं की पुलाकडे आपोआप पाठ व्हावी. आकडा चारावरून पन्नासावर गेला. पाटीवाल्याच्या जिवात जीव आला.

आणि मग एका चौकस पर्यटकाने घात केला. त्याने पाटी शेवटपर्यंत वाचली (असं होईल हे कोणी गृहीतच धरलं नव्हतं) आणि सहज मागे वळून पाहिलं, तर पुलावरून एक म्हातारी पिशवी घेऊन चाललेली. कुठे निघालात आजी, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, बहिणीकडे. त्याने रीतसर तक्रार नोंदवली: पाटीवर ‘पूर्वी’ म्हटलं आहे, प्रत्यक्षात बाई अजून जाते, सबब खात्याची पाटी खोटी आहे.

समिती तातडीने बसली. मार्ग दोनच होते, पाटी दुरुस्त करायची किंवा बाई. पाटीला वरिष्ठांची मंजुरी होती. बाईला कोणाचीच नव्हती. साहेबांनी पाटीवाल्याला बोलावून घेतलं.

“ती बाई कोण, काही पत्ता?”

“माझी आई आहे, साहेब.”

साहेबांचा चेहरा उजळला. “मग तर काम सोपं झालं. तुम्हीच सांगा त्यांना.”

पाटीवाल्याने घरी जाऊन खूप आडवळणं घेतली. हवा, गुडघे, ओढ्याकाठचा गारवा, सगळ्या विषयांवरून फिरून तो मुद्द्यावर आला. आईने हातातलं काम खाली ठेवलं.

“म्हणजे तू लिहिलंस म्हणून मी जायचं नाही?”

पाटी बदला, असं साहेबांना सांगावं, असं त्याला फार वाटलं. सकाळी कचेरीत पोचेपर्यंत ते वाटणं त्याने जपून नेलं आणि साहेबांच्या दारात सोडून दिलं. आई मात्र दुपारी पिशवी उचलून नेहमीसारखी निघाली.

नाइलाजाने पूल बंद करण्यात आला. तरीही काही हट्टी पर्यटक पाटी सोडून अडथळ्याशी उभे राहत आणि पुलाकडे टक लावून बघत. ज्याच्यावरून जाता येत नाही त्याचा उपयोग काय, असा प्रश्न समितीत निघाला. त्यावर कोणाला उत्तर सुचलं नाही आणि पूल उतरवण्यात आला. दगड वाया गेले नाहीत. पाटीला अस्सल प्राचीन दगडांचा चौथरा मिळाला. पुढच्या मोजणीत शंभरातले शंभर पर्यटक पाटी वाचताना आढळले. पाटीला सर्वोत्तम पाटीचा मान मिळाला, पाटीवाला कायम झाला आणि साहेबांनी भाषणात त्याच्या आईच्या सहकार्याचा उल्लेख केला.

मावशीकडे जायला आता दोन बस बदलाव्या लागतात आणि आईच्या गुडघ्यांना एकही झेपत नाही. म्हणून दोघी बहिणी दुपारी आपापल्या काठावर येऊन ओरडून बोलतात. सुनांची उणीदुणी ओरडून काढता येत नाहीत, सबब बोलणं फारसं चालत नाही. परवा दोघींचं पुलावरून वाजलं. मावशी म्हणे कमानी तीन होत्या, आई म्हणे पाच. जन्मभर वरून चालल्या, खाली वाकून बघायची वेळ कधी आली नव्हती. आईने सुट्टीवर असलेल्या मुलाला हाक मारून काठावर बोलावलं.

“तू लिहिलंस ना त्याच्यावर? सांग बरं, किती होत्या?”

पाटीवाल्याला सगळा मजकूर तोंडपाठ होता. त्याने तो मनातल्या मनात वरपासून खालपर्यंत म्हणून पाहिला, दोनदा.

“पाटीवर नाहीये ते, आई.”

आईने पलीकडे हात हलवला आणि ती घरी निघाली.

वाचकहो, पाटीवाल्याला हसू नका. इतका वेळ आपणही इथेच बसून आहात. पाटीबद्दल आपल्याला आता सगळं काही ठाऊक आहे, पण पूल दिसायला कसा होता, हे आपण एकदाही विचारलं नाहीत. आपली नोंद शंभरात झाली आहे.