फाटक उघडेना

"उघड ना रे मेल्या!" राजेंद्र टीव्हीतल्या फाटकावर खेकसला.

महाडच्या कोर्टात कारकुनी करणाऱ्या राजेंद्रने आयुष्यातला पहिला व्हिडिओ गेम बनवला होता. कोणीही स्वतःचा गेम घालू शकेल असा खुला कन्सोल त्याने मागवला, वरंधच्या घरी टीव्हीला जोडला आणि अख्खी वाडी गोळा केली. कारण एकच, वडील. "म्हशीच हाकायच्या व्हत्या तर शिकलास कशाला?" असं त्याला लॅपटॉपवर म्हैस हाकताना बघून रामजी रोज टोचायचे. आज त्यांची बोलती बंद करायचीच, असं त्याने ठरवलं होतं.

गेम साधा. रामजींचंच वालाचं शेत हुबेहूब काढलेलं. त्यात म्हैस घुसलेली. वाल संपायच्या आत तिला फाटकातून बाहेर हाकायची. भात कापलं की गावात गुरं मोकळी सुटतात आणि दरसाल रामजींच्या वालाचा फडशा पडतो. म्हैस कुणाची, ते सगळ्यांना ठाऊक, पण शेजारचा हैबती छातीवर हात ठेवून सांगायचा, "माझी म्हैस दावणीला असते. तुमच्या शेताकडं ढुंकून बघत नाय!"

लॅपटॉपवर झटक्यात उघडणारं फाटक टीव्हीवर मात्र ढिम्म हलेना. म्हैस निवांत वाल खात होती.

"हितं पण माझाच वाल!" रामजी कडाडले. "बंद कर ते सोंग!"

"अहो, करा ना बंद," राजेंद्रची बायको उज्वला त्याच्या कानाशी लागली.

"तू गप्प बस!" राजेंद्रच्या कपाळाची शीर तडतडली. महिनाभर डोळे फोडून केलेला गेम, आणि सगळ्या वाडीसमोर नाक कापलं. त्याने बटणं अशी बडवली की कन्सोल टेबलावर नाचला.

हैबती आधी पोट धरून हसला. मग त्यालाही बघवेना. "आण हिकडं! म्हैस हाकायला अक्कल लागते." त्याने कंट्रोलर हिसकावला. म्हैस त्यालाही जुमानेना, तसा तो पेटला.

"आरं, फाटक घेऊन काय करायचंय? खालच्या अंगाला जांभळीमागं कुंपणाला भगदाड हाय, ते का नाय काढलंस? तिथनंच जाते ना ती रोज!"

सगळ्या माना हैबतीकडे वळल्या.

रामजी सावकाश उठले. त्यांनी कोनाड्यातला कोयता घेतला. हैबतीने कंट्रोलर अलगद खाली ठेवला.

"भिऊ नको," रामजी म्हणाले. "भगदाड बुजवायला काट्या तोडायच्या हायत. चल पुढं, दाव."

दारात थांबून ते लेकाकडे वळले.

"राजू, त्या फाटकाला हात लावू नको. गेम येकदम बेस झालाय."