ढे. शून्य

आमच्या खोलीच्या दाराशेजारी पत्र्यावर गेरूने ठळक लिहिलेलं होतं: 'ढे. ३. खाट. डोक्याकडची बाजू.' येणारा-जाणारा प्रत्येक जण ते वाचायचा आणि मग आमच्याकडे बघायचा. ढे. म्हणजे ढेकूण, तीन म्हणजे तीन, आणि डोकं आमच्या ह्यांचं, कारण खाटेवर तेच झोपतात.

लिहिणारे सुखदेवकाका. पलीकडच्या खोलीत एकटे राहतात. मलेरियाच्या खात्यात त्यांनी तीस वर्षं पाठीला पंप लावून गावोगाव फवारणी केली आणि फवारलेल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर गेरूने तारीख टाकली. त्यांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, हे त्यांना सोडून सगळ्या गावाला माहीत आहे. रोज सकाळी सातला खाकी शर्ट घालून, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात सायकलच्या चाकाची तार घेऊन ते निघतात. खाटेच्या सांध्यात, उशीच्या शिवणीत तार फिरवतात, मोजतात आणि दारावर लिहितात. पाठीला पंप असतो, पण रिकामा. रिकामा पंप कशाला वागवता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "त्याच्याबिगर तोल जाते माहा."

धरणाचं पाणी चढणार म्हणून आमचं गाव उठलं. नव्या गावठाणात घरं बांधून होईस्तोवर, वडनेर भोलजीच्या रस्त्याला, पत्र्याच्या खोल्यांची ही रांग मिळाली. सहा महिन्यांसाठी आलो होतो, दोन वर्षं होत आली. येताना कोणी देव आणले, कोणी जुन्या घराची चौकट उपटून आणली. ढेकूण मात्र सगळ्यांनीच आणले. माणसांच्या पुनर्वसनाला ढीगभर कागद लागले, ढेकणांचं एका दिवसात झालं.

आम्ही काय नाही केलं? रॉकेल झालं, कडुनिंबाचा पाला झाला, वेखंडाची पूड झाली. दुकानातून वासाचा फवारा आणला, त्याने ढेकूण मेले नाहीत, मला मात्र आठ दिवस खोकला झाला. काका नुसते मान हलवायचे. "मच्छर बाहेरून येते सूनबाई, ढेकूण घरचाच असते. घरच्याले हुसकनं सोपं नसते." हे वाक्य ते दिवसातून चारदा म्हणत. दुसरं वाक्य, "खात्यात असं नसते." भाजीत मीठ जास्त झालं तरी खात्यात असं नसायचं.

मी मुळात काळजीखोर बाई. दूध उतू गेलं नाही तरी का गेलं नाही म्हणून मला घोर लागतो. त्यात दिवाळीनंतर चिखलीहून फोन आला. आमची रूपाली तिकडे दिलेली, तिला सातवा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर आपली रीतच. पण माहेर कुठे राहिलं होतं? जुनं घर पाण्यात गेलं, नवं अजून जोत्यावर. माहेर म्हणजे ही बारा बाय दहाची पत्र्याची खोली. आणि आमच्या विहीणबाई अशा, की पाहुणा उठला की खुर्चीचं कव्हर धुवायला टाकतात. त्या म्हणाल्या, रविवारी मी स्वतः सोडायला येते, खोलीही पाहून घेते. पसंत नाही पडली तर त्याच गाडीने लेक परत, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मला ऐकू आलं. मग रूपालीने फोन घेतला आणि हळूच म्हणाली, "आई, मले तुह्याचपाशी राह्यचं हाये." त्या दिवसापासून डोक्यात एकच. इवल्याशा जिवाला ढेकूण चावला तर? त्याआधी विहीणबाईंनाच चावला तर?

मी काकांकडे गेले, हात जोडले, रविवारपर्यंत तेवढं आमच्या दारावर लिहू नका म्हटलं. ते म्हणाले, "खात्यात असं नसते. जे हाये ते भिंतीवर." मी ओल्या फडक्याने पुसून काढलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच आणखी मोठ्या अक्षरात लिहिलं.

पण त्याच दिवशी आपला लोखंडी ड्रम घरंगळवत माझ्या दारात घेऊन आले. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ केला आणि घरातलं जे जे सुती, लोकरी, शिवलेलं होतं ते उकळायला घेतलं. ह्यांचा चांगला स्वेटरही त्यात गेला आणि येणाऱ्या नातवंडाच्या मापाचा होऊन बाहेर आला. खाटेच्या प्रत्येक सांध्यात काकांनी उकळतं पाणी ओतलं. तीन दिवस हेच चाललं. बुधवारी दारावर 'ढे. १' आलं. गुरुवारी 'ढे. शून्य'. मी ते दिवसातून दहादा बाहेर येऊन वाचलं. आणि शुक्रवारी सकाळी पुन्हा 'ढे. २'.

काका उंबऱ्यावर बसकण मारून तारेच्या टोकाकडे पाहत राहिले. "कुठून आले बे तुमी?" असं त्यांनी ढेकणांनाच विचारलं.

माझं डोकं फिरलं होतं. रविवार परवावर आलेला. मी टॉर्च हिसकावून घेतला आणि खाटेमागच्या पत्र्यावर मारला. आमच्या आणि काकांच्या खोलीतला तो पत्रा खाली बोटभर उचललेला होता. मी बाहेर येऊन रांगेकडे पाहिलं. प्रत्येक दाराशी गेरू होता. फक्त काकांच्या दाराशी पत्रा कोरा होता.

"काकाजी, तुमची खोली कोन तपासते हो?"

मी हे जरा मोठ्यानेच विचारलं. आजूबाजूच्या दारांतून माना बाहेर आल्या. खात्यात काय असते ते काका बोलले नाहीत. तार तळहातावर दोनदा आपटली, आत गेले आणि दार लावून घेतलं. घटकाभर मला बरं वाटलं. मग दिवसभर वाईट वाटत राहिलं, कारण त्या दाराआड काय आहे ते मला थोडंफार माहीत होतं.

काकांची बायको, कौसल्याकाकी, गाव उठायच्या तीन महिने आधी गेली. गावातल्या सगळ्या बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालायचं काम तिचं. आमची रूपालीही तिच्याच हातची. काकी गल्लीच्या तोंडाशी आली की तीळतेलाचा आणि ओव्याच्या धुरीचा वास आधी दारात यायचा. तिच्या सामानाची एक पत्र्याची पेटी काकांच्या उशाशी होती, एवढंच आम्हाला ठाऊक.

शनिवारी सकाळी काका ती पेटी ओढत बाहेर आले. पाठीला पंप नव्हता. त्यांनी झाकण उघडलं. आत एक गोधडी होती. वरून काकीची लुगडी, आतून काकांचे जुने खाकी शर्ट आणि त्यावर काकीचे बारीक टाके. शिवणीशिवणीत ढेकूण बसले होते. पण मला आधी आला तो वास, तेलाचा आणि ओव्याचा, अगदी काल न्हाऊ घालून गेल्यासारखा.

"दोन वर्षं उघडली नाही," काका म्हणाले. "उघडली का वास उडते."

मी म्हटलं, उकळू नका काकाजी, आठ-पंधरा दिवस उन्हात टाका, जातील.

"हिवाळ्याच्या उन्हानं नाही मरत ते. गरम पान्यानंच मरते, अन् त्यात वासही जाते, मले मालूम हाये." त्यांनी बाह्या वर सारल्या. "पोरगी उद्या येऊन राह्यली."

त्यांनी गोधडी उचलली आणि तोंड तिच्यात खुपसलं. बराच वेळ तसेच उभे होते. मग स्वतःच ती ड्रममध्ये सोडली आणि काठीने खाली दाबली. मी जाळात पऱ्हाट्या सारत होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

गोधडी दोरीवर टाकल्यावर काकांनी पत्र्याखालची फट बुजवली, आमची खाट पुन्हा उकळत्या पाण्याने धुतली आणि गेरू आणून आमच्या दाराशी 'ढे. शून्य' लिहिलं. मग आपल्या दाराशी लिहिलं: 'ढे. ४१. पेटी.'

रविवारी विहीणबाई उतरल्या त्या रांगेतलं प्रत्येक दार वाचतच आल्या. माझ्या दारापाशी थांबून त्यांनी विचारलं, हे ढे. शून्य काय आहे? मी खरं ते सांगून टाकलं. त्यांनी काकांना बोलावणं धाडलं. दोघांनी मिळून अर्धा तास माझी खोली तपासली, एकाच्या हातात टॉर्च, दुसऱ्याच्या हातात तार. पंपाचं झाकणसुद्धा विहीणबाईंनी उघडून पाहिलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना स्वतःपेक्षा जास्त कटकट्या माणूस भेटला होता. बाहेर येऊन त्या सुनेला म्हणाल्या, "राह्य मंग." गाडी गेल्यावर काका म्हणाले की ही बाई खात्यात पाहिजे होती.

माघात रूपालीला मुलगी झाली. रात्री पत्रा गार पडायचा आणि बाळ गारठेल या काळजीने माझा डोळा लागायचा नाही. बाराव्या दिवशी काका गोधडी घडी करून घेऊन आले. धुतेली हाये, लेकराखाली टाकजो, म्हणाले. मी नाही म्हणाले तर गोधडी खाटेवर ठेवून चालते झाले. तेव्हापासून बाळ तिच्यावरच झोपतं. कौसल्याकाकीला करताना पाहिलं होतं तसंच मी त्याला तीळतेल लावते, न्हाऊ घालते, ओव्याची धुरी देते.

काकांची तपासणी चालूच आहे. मागच्या आठवड्यात बाळ निजलेलं असताना ते गोधडीच्या कडेने तार फिरवत होते आणि एकदम खाली वाकले, नाक कापडाला लागेपर्यंत. उठेचनात. ढेकूण सापडला म्हणून मी टॉर्च घेऊन धावले.

"काय हाये काकाजी?"

त्यांनी आणखी एकदा वास घेतला.

"तेल हाये," म्हणाले. "अन् ओवा."

बाळ जागं होईपर्यंत ते तिथेच खाटेला टेकून बसले. मग बाहेर जाऊन दारावर शून्य लिहिलं आणि आपल्या खोलीत गेले. पंप आमच्या उंबऱ्याशीच राहिला. संध्याकाळी मी तो द्यायला गेले, तर म्हणाले, "राहू दे तुह्याच घरी. सकाळी यायचंच हाये."