सचिवांचं खोबरेल

एकोडीच्या मच्छीमार संस्थेचा कॉम्प्युटर सकाळी तीनदा किंचाळला आणि गप्प झाला. पडदा काळा ठिक्कर. तलावाच्या ठेक्याचा अर्ज ऑनलाइन भरायचा आजचा शेवटचा दिवस. पाच वाजले की तलाव बाहेरच्या ठेकेदाराच्या घशात. सारी ढीवर वस्ती त्याच तलावावर जेवत होती. पण सचिव मधुकरराव घाबरतात थोडेच! कॉम्प्युटरचा कोर्स केलेले गावात ते एकटेच, आणि ते प्रमाणपत्र त्यांनी भिंतीवर देवाच्याही वर टांगलं होतं.

"लाइनीचा दोष आहे," म्हणत त्यांनी वायर बदलली. पुन्हा तीन किंकाळ्या. मग माऊस बदलला. मग टेबलाचं तोंड पूर्वेला केलं.

"माऊस बदलून काय होते जी?" कोपऱ्यात जाळं सांधत बसलेल्या अध्यक्ष रेवताबाईंनी विचारलं.

"तुमाले नाही समजत, बाई. टेक्निकल आहे."

शेवटी साकोलीच्या प्रीतम मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "तीनदा वाजते म्हणजे रॅम पकडून नाही राहिली. रॅमची पट्टी काढा, पुसा, दाबून बसवा."

कॉम्प्युटरचा डबा उघडला, तर पट्टीवर चिकट काळा थर.

"कंपनीचा मालच खराब!" मधुकरराव गरजले. दसऱ्याला कुलूप, वजनकाटा, नावेची कडी यांना तेल देता देता, गंजू नये म्हणून त्या पट्टीच्या सोनेरी दातांनाही त्यांनीच खोबरेल चोळलं होतं. हे सगळ्या वस्तीनं पाहिलं होतं. विसरले होते ते एकटेच.

पट्टी घासता घासता दुपार झाली. रेवताबाईंची सून ज्योत्सना दारातून म्हणाली, "काकाजी, तुमच्या फोनवर नंबर आला असंन, सांगा न."

"डोकं नको खाऊ, पोरी!" तरी त्यांनी नंबर वाचून दाखवला आणि पुन्हा घासायला लागले.

खोडरबर झिजलं, उदबत्ती ओवाळून झाली, पण किंकाळ्या तीनच. पाच वाजायला थोडा वेळ उरला तेव्हा मात्र ते मटकन खाली बसले. डोळे भरून आले. "तलाव गेला, रेवताबाई. माझ्यानं नाही झालं."

"कुठं जाते? अर्ज ज्योत्सनानं दुपारीच मोबाईलवरून भरला. ओटीपीचा नंबर तुमीच तं सांगितला."

मधुकररावांचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच पाराही चढला. "मंग मले काहून नाही सांगितलं? दिवसभर मरून राहिलो ना मी!"

रेवताबाईंनी गाठ मारली आणि धागा दातानं तोडला.

"सांगितलं असतं, तं तुमी मोबाईललेही तेल लावलं असतं."

मधुकररावांनी खोबरेलाची बाटली पायानं हळूच कपाटाखाली सरकवली.