पुरलेल्या सात हौदांची हकीकत

श्रीगजाननास नमन, आणि जिची क्षमा मागावयाची त्या भूमीसही नमन. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरे, माघ मासी, कोणे एके राज्याचे राजधानीत, ऐन वस्तीमध्ये, रंगाचा जुना कारखाना बंद पडोन ओस होता. चाळीस वर्षे रंगाची घाण त्या भूमीने पिली, आणि विहिरीस जांभळे पाणी लागले, आणि शेजारचे लेकरांचे अंगास खरूज उठली. मग सरकारांचे मनी आले की जागा स्वच्छ करोन नवी पेठ वसवावी, परंतु रयतेस पुसल्याखेरीज कुदळ मारू नये. हरकती व सूचना लिहून घेण्याचे काम अंताजी मोरेश्वर कारकून यांजकडे आले. अंताजीपंतांचे अक्षर मोत्यासारखे, आणि त्याचा त्यांस ताठा भारी. पंतांनी सभा भरविली आणि कागदावर दोन सदरे आखिली, एक महत्त्वाचे, दुसरे किरकोळ. मग शेटसावकार बोलले, रस्ता रुंद असावा. ते महत्त्वाचे सदरी गेले. कोणी कारंजे मागितले, तेही त्याच सदरी गेले. उन्हे चढली आणि पंतांचे पोटात कावळे ओरडो लागले, तो भिकूबाई रंगारीण उठली. तिचा दादला त्याच कारखान्यात राबोन मेला. धन्याचे हुकुमाने घाणीचे सात हौद कोठे पुरले, कोणता विहिरीपासोन किती पावलांवर, कोणता चिंचेखाली, हे ती सावकाश सांगो लागली. बोलणे रांगडे, आणि मागे शेटसावकार जांभया देताहेत. संपल्यावर ती म्हणाली, "समदं लिवलं न्हवं, पंत?"

"सारे लिहिले, बाई. निश्चिंत असा."

लिहिले ते इतकेच, की एक वृद्ध बाई जुन्या गोष्टी बोलली. आणि ते किरकोळ सदरी.

मग वरवर दोन हात माती काढिली, नवी घातली, आणि पेठ उभी राहिली, मध्ये बाग. सरकारांनी खुश होऊन पंतांस शेला दिला आणि त्याच पेठेत घर दिले. तिसरे वर्षी, शुभकृत्‌नाम संवत्सरी, पंतांची नात बागेत खेळोन आली, पायांस निळा चिखल, आणि आठा दिवसांत अंगभर खरूज उठली. वैद्य म्हणाले, ही मातीची बाधा, खाली पुरलेली घाण निघाल्याखेरीज हटावयाची नाही. सरकार खणावयास राजी झाले, परंतु खणावे कोठे? सारी पेठ तर उकरवेना. मग पंत मान खाली घालोन भिकूबाईचे दारी गेले. सून म्हणाली, सासूबाईंस सकाळी जेवल्याचेही स्मरण राहात नाही. बाईने मात्र पंतांस ओळखिले आणि हौदांचे पुसताच हसली.

"आता न्हाई बा ध्येनात. पन तुमच्या कागदात हाय की. तुमी समदं लिवलं व्हतं."

आणि सुनेस म्हणाली, "गूळपानी दे यास्नी. गरिबाचं बोलणं लिवून घेनारा मानूस हाय."

पंतांनी गूळपाणी न पिताच खाली ठेविले, आणि खरे काय ते सांगितले नाही. तसेच उठोन आले.

सारांश, सात हौद अद्यापि पेठेखाली आहेत, आणि कागद दफ्तरी आहे, अक्षर सुरेख आहे. त्या दिवसापासोन पंतांनी बोरू टाकिला; ही हकीकत लिहावयापुरता पुन्हा हाती धरिला, तितकाच.