धूर दिसला की विमलताई निघाल्या

कुठं धूर दिसला की आमच्या विमलताई स्कूटर तिकडं वळवतात. एकदा कुंभिवलीला अशाच एका धुरामागे त्या शेतं तुडवत गेल्या, तर तिथं लग्नाचा स्वयंपाक चालला होता. मुलीच्या बापाला वाटलं, वराकडच्या कुणी आत्याबाई आल्या. ताई जेवून, हातात नारळ घेऊन परतल्या. दुसऱ्या खेपेला एकाच्या आंघोळीचा बंब निघाला. तो बिचारा टॉवेलवर उभा राहून खुलासे देत होता.

या धूरवेडाचं मूळ आमच्या कामात आहे. दहिवलीत दोन खोल्यांत आमची संस्था चालते. जमीन आणि झाडं राखून पिकवलेलं भात हवं असणाऱ्या कंपन्यांना आम्ही शेतकऱ्यांचे गट जोडून देतो. आणि आमच्या भागात पेरणीआधी राब भाजायची जुनी रीत. झाडांच्या फांद्या, पाला, शेण वाफ्यावर पसरून पेटवायचं, म्हणजे तणाचं बी जळतं आणि रोप जोमानं येतं. कंपनीची अट अशी, की गटात एकानंही राब भाजायचा नाही. भाजला तर सगळ्यांचं भात नाकारलं जातं.

मी हे शेतकऱ्यांना तक्ते दाखवून समजावतो. ताई सरळ झाडाच्या बाजूनं भांडतात. "तुजे हात कोणी दरवर्षी तोडले तर चालंल का रं?" असं त्यांनी पळसदरीत एका माजी सरपंचाला विचारलं होतं. त्यानं नकळत हात खिशात घातले.

यंदा अडून बसले ते गोमाबाबा. पळसदरीचेच, सत्तरी ओलांडलेले, घरात एकटे. बैठकीत म्हणाले, "राब नाय भाजला तर तण माजंल. ते काडायला माज्या घरात कोण हाय?"

"मी काडीन," ताई म्हणाल्या.

सगळे हसले. मीही हसलो. बाबा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बरं. नाय भाजत."

पाऊस लागल्यावर एका रविवारी कंपनीचे पाहुणे न कळवता आले. ऑफिसची किल्ली ताईंकडे, आणि त्यांचा फोन बंद. घरी गेलो तर शेजारीण म्हणाली, "रविवारी त्या हल्ली घरी नसतातच. पळसदरीला जातात."

गोमाबाबांच्या वाफ्यात ताई डोक्यावर प्लॅस्टिक घेऊन, साडी खोचून चिखलात बसल्या होत्या. बांधावर छत्री धरून बाबा.

"हळू गं. ते भात हाय. तण कंचं नि भात कंचं, कळत नाय का गं तुला?"

सरपंचाला न जुमानणाऱ्या ताई निमूट मान हलवत होत्या.

मला पाहून त्या उठून बांधापर्यंत आल्या. मी म्हटलं, "ताई, दोन मजूर लावले असते की आपण."

"लावता आले असते." कमरेची किल्ली सोडता सोडता त्यांनी बाबांकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ऑफिसात मी ताई, कंपनीला मॅडम. आई गेल्यापास्नं मला गं म्हणणारं कोणीच नव्हतं रं."

किल्ली माझ्या हातात ठेवून त्या पुन्हा वाफ्यात उतरल्या.