बेनिनोची झोपमोड

कोणत्याही राज्याचा कारभार जागणाऱ्यांमुळे चालतो हे खरं असलं, तरी तो टिकतो मात्र झोपणाऱ्यांमुळे. इतर देशांना हे कळायला परिषदा भरवाव्या लागतात. नेपल्सकरांना ते आईच्या कडेवरच कळतं, कारण तिथे घरोघरी नाताळचा गोठा मांडतात. या गोठ्यात बाळ येशू, मरिया आणि योसेफ असतातच; पण त्यांच्या आजूबाजूला कोळीण, पाववाला, धोबीण, फुटबॉलपटू, आजी-माजी मंत्री अशी सगळी वस्ती मातीत उभी असते. आणि या सगळ्यांच्या वर, डोंगरावर, बेनिनो नावाचा एक मेंढपाळ गाढ झोपलेला असतो. खाली जे काही दिसतं ते सगळं, बाळासकट, त्याला पडलेलं स्वप्न आहे. तो उठला की सगळं नाहीसं होणार. म्हणून बेनिनोला कुणी उठवायचं नाही, असा नियम आहे. (शहरात एकमताने पाळला जाणारा हा एकमेव नियम. रस्त्यावरच्या लाल दिव्याबद्दल अजून चर्चा चालू आहे.)

एर्सिलियो योविने हे नेपल्समधल्या एका वस्तीच्या नोंदणी कार्यालयाचे प्रमुख. (कोणती वस्ती ते सांगत नाही. प्रत्येक वस्तीला ते आपलंच कार्यालय वाटतं, आणि त्या अभिमानाला धक्का लावण्याची आमची इच्छा नाही.) टेबलामागे बसलेल्या माणसाला तिथे ‘दोत्तोरे’ म्हणतात, मग तो शिकलेला असो वा नसो. एर्सिलियोंचं टेबल चांगलंच मोठं होतं. त्यांच्या कार्यालयाने आजवर कुणाचंही काम नाकारलेलं नव्हतं. नाकारणं हा उद्धटपणा झाला. कार्यालय फक्त शंका काढी, आणि शंका काढायला विचार करावा लागतो, आणि विचाराला वेळ लागतो, हे कुणीही मान्य करील.

असुंता इम्पारातो ही त्याच वस्तीत गोठ्यासाठी मातीच्या मूर्ती करणारी बाई. जन्माच्या वेळी तिची नोंद मुलगा म्हणून झाली होती. ही चूक तिने बोलायला लागल्यापासून सगळ्यांच्या लक्षात आणून दिली, आणि गल्लीने ती केव्हाच मान्य केली. गल्लीच्या मागोमाग न्यायाधीशांनीही केली. निकालात स्वच्छ लिहिलं होतं, की ही बाई आहे, हिचं नाव असुंता आहे, हिला तसं ओळखपत्र द्यावं. आता फक्त एर्सिलियोंची सही उरली होती; म्हणजे जवळजवळ सगळंच उरलं होतं.

कार्यालयाने शंका काढली, की जुनं ओळखपत्र आणल्याशिवाय ही तीच व्यक्ती कशावरून? तिने ते आणलं. मग दिसून आलं, की जुन्या फोटोतला चेहरा आणि समोरचा चेहरा जुळत नाही. तिने नवा फोटो दिला, तर चेहरा जुळला पण नाव जुळेना. शेवटी एर्सिलियोंनी स्वतः डोकं चालवून असा मार्ग काढला, की जुन्या नावाच्या इसमाने आपलं नाव काढून टाकण्यास हरकत नसल्याचं लिहून द्यावं. तो इसम अर्थात असुंताच होती. तिने तिथल्या तिथे लिहून दिलं. एर्सिलियोंनी चष्मा चढवून कागद पाहिला आणि मान हलवली.

“ही सही त्या इसमाची नाही वाटत, असुंताबाई. अक्षर बायकी आहे.”

“अगंबाई! म्हणजे कळलं की तुम्हाला. आता हेच तेवढं कार्डावर लिहा ना, दोत्तोरे.”

एर्सिलियो दिलखुलास हसले. ते तिच्याशी कधीच वाईट वागले नव्हते. तोंडाने नेहमी ‘असुंताबाई’ म्हणत. ‘सदर इसम’ फक्त कागदावर लिहीत.

वाईट वागण्याची सोयही नव्हती, कारण असुंता शुभ होती. तिच्यासारखीला तिथे ‘फेम्मिनिएल्लो’ म्हणतात, आणि तिच्या हातात तान्हं मूल दिलं की त्याचं नशीब उघडतं असं मानतात. वस्तीतलं प्रत्येक बाळ इस्पितळातून घरी जाण्याआधी तिच्या हातांतून जाई. एर्सिलियोंची मुलगीही गेली होती, आणि पुढे तिला बँकेत नोकरी लागली. (न गेलेल्या काही मुलांनाही बँकेत नोकरी लागली आहे, पण त्यांच्या शाखा लांब आहेत.) थोडक्यात, असुंता नशीब द्यायला चालत होती. प्रश्न फक्त तिला काही द्यायचं झालं तर येई.

तो त्या वर्षी आला. असुंताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या रोझेत्ताला मुलगी झाली. तिने जाहीर केलं, की माझ्या पोरीची धर्ममाता असुंताच होणार, सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला बाप्तिस्मा, आणि मधे कुणी बोलायचं नाही. (बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर मुलाची दुसरी आई म्हणून जिचं नाव लागतं, ती धर्ममाता.) फादर उगो म्हणाले, “माझी काही ना नाही. कार्डावर बाई असेल तर मी धर्ममाता लिहीन, पुरुष असेल तर धर्मपिता. मी कोण ठरवणारा?” मग धर्ममाता म्हणून नाव लागायचं तर एर्सिलियोंची सही हवी होती, आणि सण तर तोंडावर आला होता. लोकांची इतकी मुलं असुंताने छातीशी धरली होती, पण एकाही मुलाच्या नावापुढे तिचं नाव नव्हतं. तिला ते फार लागत असे. ती कुणाला सांगत नसे, एवढंच.

आता एर्सिलियोंचं दुःख सांगितलं पाहिजे, कारण दुःख प्रमुखांनाही असतं. नेपल्समध्ये माणूस मोठा झाला की त्याची मूर्ती गोठ्यात लागते. त्यांच्या आधीच्या प्रमुखांची लागली होती. त्यांच्या न्हाव्याची लागली होती. त्यांच्या सासूबाई तर भाजलेली चेस्टनट विकताना दोन आकारांत उपलब्ध होत्या. एर्सिलियो मात्र दर नाताळात असुंताच्या दुकानावरून विनाकारण चारदा जात आणि काचेत आपला चेहरा उजवीकडून कसा दिसतो ते पाहत.

त्या डिसेंबरात त्यांना ते स्वतः काचेमागे दिसले. सगळ्यांत वर, डोंगरावर. कोट, टाय, कपाळावर सरकलेला चष्मा, मुठीत शिक्का, आणि डोकं एका फायलीवर टेकवून गाढ झोप. फायलीवर बारीक अक्षरांत ‘असुंता’ लिहिलेलं होतं. ते वाचता यावं म्हणून दुकानदारिणीने दोरीला भिंग बांधून ठेवलं होतं. रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती, आणि रांगेतले लोक पोट धरून हसत होते.

एर्सिलियोंना गहिवरून आलं.

“अहो, ती तुमची टिंगल करतेय,” त्यांची बायको योलांदा म्हणाली.

“तुला काय कळतंय! महापौरांना बैलाशेजारी उभं केलंय. मी कुठे आहे बघ. बेनिनो! माझ्यावाचून गोठाच नाही.”

या युक्तिवादात खोट काढता येत नाही, आणि वस्तीनेही काढली नाही. दोत्तोरे बेनिनो आहेत. बेनिनोला उठवायचं नाही. सबब दोत्तोरेंना उठवायचं नाही. लोक कार्यालयात चवड्यांवर चालू लागले. कारकुनांनी दारावर ‘शांतता राखा, स्वप्न चालू आहे’ अशी पाटी लावली. बाहेरगावचे लोक फोटो काढायला येत, आणि प्रमुख जागे दिसले की चेहरे पाडून परत जात. एर्सिलियो प्रामाणिक माणूस. कार्यालयात ते आजवर कधीच झोपले नव्हते, फक्त खिडकीबाहेर बघत. पण लोकांचा हिरमोड त्यांना पाहवेना. तेव्हापासून ते दहाला येत, फायलीवर डोकं ठेवत आणि डोळे मिटत. महिनाअखेरीस कामाचा आढावा घेतला, तेव्हा मागच्या वर्षीच्या तुलनेत जराही फरक आढळला नाही, आणि वरिष्ठांनी त्याबद्दल समाधान व्यक्त केलं.

एकच अडचण झाली. डोळे मिटले तरी कान मिटत नाहीत.

असुंता रोज सकाळी एक खुर्ची घेऊन येई, टेबलासमोर बसे आणि अंगाई म्हणे. तिचा आवाज भरदार होता.

“निज निज दोत्तोरे, निज रे गुणी बाळा,
तुझ्या उशीखाली माझं नाव सांभाळा.
हळू बोला बायांनो, नका वाजवू टाळी,
सही करील साहेब पुढल्या जन्मकाळी.”

हळूहळू तिच्यासारख्याच आणखी काहीजणी आल्या, दोन तरुण पुरुषही आले, ज्यांची नावं कार्यालयाने मुलींची करून ठेवली होती. सगळ्यांचे निकाल तयार होते आणि सगळ्यांच्या शंका निघालेल्या होत्या. त्यांचा चांगला संच बसला. एकजण ॲकॉर्डियन आणू लागला. लोक मुलांना घेऊन ऐकायला येत. कार्यालयात इतकी गर्दी पूर्वी कधी झाली नव्हती, आणि इतकं काहीतरी घडतही नव्हतं.

एके दिवशी अंगाई चालू असताना रोझेत्ता बाळाला घेऊन आली. बाळ रडत होतं. असुंताने त्याला घेतलं तसं ते गप्प झालं.

“आता थोडेच दिवस राहिले गं,” रोझेत्ता कुजबुजली. “नाहीतर राहू दे ना. धर्मपिता लिहू देत. आपल्याला माहितीय तू कोण आहेस ते.”

“नको,” असुंता म्हणाली. “ही मोठी होऊन वाचेल ना. तिला कशाला खोटं वाचायला लावायचं? त्यापेक्षा दुसऱ्या कुणाचं तरी लिही. मी मागे उभी राहीन.”

आवाज अगदी साधा होता, गाण्यातला नव्हता. एर्सिलियोंनी डोळे घट्ट मिटून घेतले. आपली मुलगी या हातांत गेली होती तेव्हा तीही अशीच गप्प झाली होती, हे त्यांना आठवलं आणि त्यांनी झोपेतच दोनदा नाक ओढलं. (त्यांनी नंतर याला धुळीची ॲलर्जी म्हटलं. कार्यालयात धूळ भरपूर असल्यामुळे ते अमान्य करता येत नाही.)

त्या संध्याकाळी ते दुकानात गेले. असुंता एका मूर्तीला हात बसवत होती. दोन्ही हात वर उचललेले. गोठ्यात अगदी पुढे, बाळासमोर तोंड उघडं टाकून उभा असतो तो अचंबित मेंढपाळ. हा म्हणजे जागा झालेला बेनिनोच, असं म्हणतात. मूर्तीला अजून चेहरा नव्हता.

“ही... ही कुणाची?” एर्सिलियोंनी शक्य तितक्या सहज विचारलं.

“तुमचीच करायची होती, दोत्तोरे. पण मी बघितलेलंच घडवते. तुम्हाला जागं मी कुठे बघितलंय?”

“पण मी उठलो तर सगळं नाहीसं होईल म्हणतात.”

“मग उठून बघा तरी, काय काय जातं ते.”

दुसऱ्या दिवशी अंगाईच्या मधेच एर्सिलियो उठून बसले. कारकून घाबरून भिंतीला टेकले. त्यांनी उशीची फाईल सरळ केली, सही केली, शिक्का मारला. मग बाकीच्यांच्या मागवल्या आणि त्यांवरही मारत सुटले, कारण एकदा हात सुटला की थांबवणं अवघड जातं. वस्तीत खरोखरच काही गोष्टी नाहीशा झाल्या. सगळ्या शंका गेल्या. ‘सदर इसम’ गेला. शिपायाची चहापाण्याची वरकमाई गेली. बाकी गोठा जागच्या जागी होता. कुणी काही हरवल्याची तक्रार नोंदवली नाही.

सणाच्या दिवशी फादर उगोंनी कार्ड पाहिलं आणि मोठ्याने वाचलं, “धर्ममाता, असुंता इम्पारातो.” पवित्र पाणी पडण्याआधीच पोरगी असुंताच्या आसवांनी भिजली होती. सगळी गल्ली आनंदाने रडली, आणि मग जेवायला बसली ती उठेचना. गोठ्यात एर्सिलियो अचंबित मेंढपाळ झाले. आपण सुधारणेच्या बाजूने पहिल्यापासून होतो, असं ते हल्ली भाषणात सांगतात. भाषणं चांगली असतात.

पण पुढच्या नाताळात सर्वांत जास्त खपली ती त्यांची मूर्ती नव्हे. असुंताने एक नवाच घोळका केला होता. झोपलेल्या साहेबासमोर उभी राहिलेली, पोट धरून हसणारी माणसं. ती गेल्या वर्षी महिनाभर रोज येत होती, विनोद एकमेकांना समजावून सांगत होती, आणि हसून झालं की घरी जात होती. “अहो, उठा” एवढं म्हणायला त्यांच्यातल्या कुणाला शिक्का लागत नव्हता, सहीही लागत नव्हती.

“ही कोण गं माणसं?” एका गिऱ्हाइकाने विचारलं.

“ज्यांना सगळं कळलं होतं, ती,” असुंता म्हणाली. “फार सोपी असतात करायला. डझनावारी निघतात.”

वाचक महाराज, इथवर आपणही हसतच आलात ना? मग जरा तसेच राहा, हलू नका. तुमच्या मूर्तीचं अंग करून झालंय, तिचा फक्त चेहरा करायचा राहिलाय.